दीड किलोच्या वर होती म्हणून थोरलीचे डोळे तपासायचे राहत होते

सांजवात | ३ मार्च, रात्री १०:४०

हा धागा काढायचं दोन वर्षं मनात होतं. काल शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीचं बाळ पेटीतून घरी आलं. बघायला गेले, तेव्हा ती म्हणाली, "ताई, वजन एक हजार सहाशे आहे, त्यामुळे डोळ्यांचं काही करावं लागणार नाही." अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्याच्या पडद्याला (रेटिनाला) आरओपी नावाचा आजार होऊ शकतो, म्हणून घरी येऊन लगेच लिहायला बसले.

माझ्या मुली जुळ्या, आता साडेपाच वर्षांच्या. ३१ व्या आठवड्यात झाल्या. थोरली १६४० ग्रॅम, धाकटी ११८०. दोघींना पेटीत ठेवलं होतं आणि घरातल्या सगळ्यांचा जीव धाकटीत अडकला होता. तिचा पंजा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. थोरलीला बघून सगळे म्हणायचे, ही तर सुटली. पण सुटली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिला जंतुसंसर्ग झाला, सहा दिवस व्हेंटिलेटर, दोनदा रक्त भरलं. त्यातून उठली, दूध ओढायला लागली आणि विसाव्या दिवशी घरी आली. तिच्या डिस्चार्ज कार्डावर लसींच्या तारखा होत्या, थेंबांची नावं होती. डोळ्यांबद्दल एक ओळ नव्हती. मी विचारलं होतं. "दीड किलोच्या वर आहे, गरज नाही," असं उत्तर मिळालं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका.

धाकटी अजून आतच होती. सव्विसाव्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर आले, त्यांच्या यादीत फक्त तिचं नाव. तिथल्या रात्रपाळीच्या सिस्टर घरी जायला निघाल्या होत्या, त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, "हिची बहीण घरी आहे ना? तिलाही आत्ता आणा. आपल्याकडे दोन किलोच्या आतलं प्रत्येक बाळ बघतात." सासूबाईंचं म्हणणं, सव्वा महिना व्हायचाय, उंबरा ओलांडायचा नाही. शेवटी सासरे स्वतः तिला दुपट्यात, वरून शालीत गुंडाळून रिक्षाने घेऊन आले.

धाकटीला आरओपीची स्टेज १ निघाली. ती पुढे आपोआप बसली, (पोटातले आठवडे धरून) ४१ व्या आठवड्यापर्यंत पडदा पूर्ण झाला. थोरलीला स्टेज २ आणि रक्तवाहिन्या फुगायला लागलेल्या. पाच दिवसांनी परत बघितलं तर स्टेज ३, प्लस, म्हणजे रक्तवाहिन्या फुगून वेड्यावाकड्या झालेल्या. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत लेझर झालं पाहिजे. त्याच रात्री पुण्याला निघालो, दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळ्यांना लेझर झालं. आज तिला मायनस साडेतीनचा चष्मा आहे. ती चित्रं काढते, गोष्टीची पुस्तकं वाचते, शाळेत पहिल्या बाकावर बसते.

त्या सिस्टर त्या सकाळी पाच मिनिटं आधी निघाल्या असत्या तर काय, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आरओपीचं पूर्ण नाव रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी. ज्यांच्याकडे अपुऱ्या दिवसांचं बाळ आहे त्यांनी इथे विचारा. डॉक्टर मंडळींनीही लिहावं, म्हणजे माझं काही चुकत असेल तर दुरुस्त होईल.

---

मृद्गंध८२ | ३ मार्च, रात्री ११:०५

वाचताना गळा दाटून आला. सासऱ्यांना नमस्कार सांगा.

---

कोकणकडा | ४ मार्च, सकाळी ८:१५

सांजवातताई, धागा माझ्यासाठीच निघाल्यासारखा वाटतोय. माझ्या बहिणीचं बाळ ३३ व्या आठवड्यात झालं, १७५० ग्रॅम. ठाण्यात. ऑक्सिजन चार दिवस होता. आज बाळ तेवीस दिवसांचं आहे आणि वजन दोन किलो शंभर झालंय. मी नेटवर बघितलं तर सगळीकडे १५०० ग्रॅम किंवा ३० आठवडे असं लिहिलंय. त्यात आम्ही बसत नाही. तरी दाखवायचं का? दोन किलो तर आता ओलांडलेच आहेत.

---

सांजवात | ४ मार्च, सकाळी ८:३१

दाखवा. याच आठवड्यात. आजचं वजन बघू नका, जन्माचं बघा. डॉक्टर कोणी लिहितीलच, पण थांबू नका.

---

नेत्रपल्लवी | ४ मार्च, दुपारी २:५०

मी रेटिनाची डॉक्टर आहे, आठवड्यातले दोन दिवस नवजात बाळांचे डोळे तपासते. कोकणकडा, तुमचं उत्तर आधी देते: हो, दाखवायचं आहे. तुम्ही वाचलेला १५०० ग्रॅम किंवा ३० आठवड्यांचा आकडा अमेरिकेचा. आपल्याकडचा नियम जन्मवजन २००० ग्रॅमपेक्षा कमी किंवा गर्भाचं वय ३४ आठवड्यांपेक्षा कमी. दोन्हींपैकी एक लागू झालं तरी पुरे, तुम्हाला दोन्ही लागू आहेत. ३४ ते ३६ आठवड्यांचं बाळ असेल आणि त्याला ऑक्सिजन, जंतुसंसर्ग, रक्त भरणं असं काही झालं असेल तर त्याचीही तपासणी करतात. पहिली तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत. फार लहान बाळांची, म्हणजे २८ आठवड्यांच्या किंवा १२०० ग्रॅमच्या खालच्यांची, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. दिवस घरी गेल्यापासून नाही, जन्मापासूनच मोजायचे, हे सांगते, कारण ही चूक मी दर महिन्याला बघते.

आता वजनाचा डोळ्याशी संबंध काय, ते जरा सविस्तर लिहिते.

पडद्याच्या रक्तवाहिन्या आईच्या पोटात साधारण १६ व्या आठवड्यात डोळ्याच्या मागच्या नसेपाशी फुटायला लागतात आणि कडेकडे सरकत जातात. नाकाकडची कड ३६ व्या आठवड्याच्या सुमारास गाठतात, कानाकडची लांब असते, तिथे पोहोचायला ४० आठवडे लागतात. बाळ २८ व्या आठवड्यात बाहेर आलं तर बराचसा पडदा रक्तवाहिनीविना असतो. बाहेर पोटातल्यापेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन मिळतो आणि आईकडून वारेतून येणारे वाढीचे घटक एकदम तुटतात. त्यातला आयजीएफ-१ हा फार महत्त्वाचा. या दोन्हींमुळे रक्तवाहिन्यांची वाढ थबकते. पुढे काही आठवड्यांत पडदा जागा होतो, त्याला रक्त हवं असतं, ते मिळत नाही, म्हणून तो व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडतो आणि मग घाईघाईने चुकीच्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या पडदा ओढतात. वेळेत थांबवलं नाही तर पडदा सुटतो.

म्हणजे बाळ जितकं लवकर आलं तितका कोरा पडदा जास्त, आणि लवकर आलेलं बाळ वजनाने कमीच असतं. अमेरिकेत १९८६-८७ मध्ये २३ केंद्रांवर १२५१ ग्रॅमच्या आतली ४०९९ बाळं तपासली होती. ७५० ग्रॅमच्या खालच्यांपैकी ९० टक्क्यांना कमीजास्त आरओपी होता, ७५० ते ९९९ मध्ये ७८ टक्क्यांना, १००० ते १२५० मध्ये ४७ टक्क्यांना. वजनाची पायरी इतकी सरळ उतरते. यातल्या बहुतेकांचा आजार आपोआप बरा झाला, सगळी मिळून साधारण ६ टक्के बाळं त्या काळच्या उपचाराच्या रेषेपर्यंत गेली.

पण ही पायरी त्या देशातली, तिथल्या नवजात विभागांमधली आहे. आपल्याकडे १५०० ते २००० ग्रॅमच्या बाळांनाही दृष्टी जाण्याइतका आजार होतो, म्हणून आपली रेषा वर आहे. सांजवातताईंच्या मुलींमध्ये तर दोघींचे आठवडे सारखेच, तरी जास्त वजनाचीला जास्त झालं. जंतुसंसर्ग, व्हेंटिलेटरवरचा ऑक्सिजन आणि भरलेलं रक्त यांनी वजनाचा फायदा पुसून टाकला. वजनावरून कोणाला तपासायचं ते ठरतं, कोण सुटलं ते ठरत नाही.

---

गणिती | ४ मार्च, संध्याकाळी ७:०२

नेत्रपल्लवी, प्रतिसाद आवडला. एक शंका. मूळ कारण पडद्याची अपुरी वाढ असेल तर आठवडेच पुरेसे आहेत. वजन मध्ये का आणायचं? पूर्ण ३७ आठवडे भरलेलं पण पोटात न वाढलेलं १८०० ग्रॅमचं बाळ विनाकारण यादीत येणार, नाही का?

---

नेत्रपल्लवी | ४ मार्च, रात्री ९:४५

बरोबर ओळखलंत, आठवडे हेच जास्त मुळाचं. पण आठवडे मोजायला शेवटच्या पाळीची तारीख किंवा पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी लागते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बाळंतिणींकडे दोन्ही नसतं. "होळीच्या आसपास" असं उत्तर मिळतं. वजनकाटा मात्र तालुक्याच्या दवाखान्यातही असतो आणि आकडा पहिल्याच तासात कार्डावर चढतो. म्हणून दोन्हीपैकी एक. १८०० ग्रॅमचं भरल्या दिवसांचं बाळ एकदा तपासून घरी पाठवलं तर त्याचं नुकसान काही नाही.

शिवाय आठवड्यांच्या मानाने वजन कमी असेल तर धोका त्यामुळेही वाढतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. ३० आठवड्यांचं १४०० ग्रॅमचं आणि ३० आठवड्यांचं ९०० ग्रॅमचं बाळ मी एकाच नजरेने बघत नाही. नऊशे ग्रॅमच्या बाळाची पुढची तारीख मी जवळची देते.

आणि जन्मानंतर वजन कसं चढतंय, हेही बोलतं. स्वीडनमध्ये दर आठवड्याच्या वजनवाढीवरून धोका ओळखण्याची पद्धत काढली, विनरॉप नावाची. वजन चढत नाही म्हणजे आयजीएफ-१ वर येत नाही, म्हणजे पडद्याची वाढही रखडलेली. आपल्याकडच्या मोठ्या वजनाच्या बाळांबाबत ती तितकी भरवशाची ठरली नाही, म्हणून तपासणीच्या जागी ती नको. पण आईचं दूध, कांगारू पद्धतीने छातीशी धरणं, रोजचं वजन या गोष्टी डोळ्यांसाठीही आहेत, हे आयांना मी आवर्जून सांगते.

---

लेस्टरची_आक्का | ५ मार्च, पहाटे ४:१०

मी इंग्लंडमध्ये नवजात विभागात नर्स आहे, मूळ सांगलीची. इकडे ३१ आठवड्यांच्या आतली किंवा १५०१ ग्रॅमच्या आतली बाळं बघतात. २०२२ च्या आधी ही रेषा ३२ आठवड्यांची होती, ती खाली आणली. भारताची रेषा वर का, याचं उत्तर मला तरी ऑक्सिजनच्या भिंतीवरच्या नळीत दिसतं. आमच्याकडे प्रत्येक पेटीला ब्लेंडर असतो, हवा आणि ऑक्सिजन मिसळून हवा तेवढाच देता येतो, आणि पायाला लावलेल्या प्रोबमुळे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा सतत दिसतो. आकडा ९५ च्या वर गेला की अलार्म वाजतो आणि आम्ही ऑक्सिजन उतरवतो. सुट्टीत गावाकडे एका ओळखीच्यांच्या बाळाला बघायला गेले होते, तिथे शुद्ध ऑक्सिजन सरळ नळीतून चालू होता आणि मॉनिटरवर १००. घरचे आनंदाने म्हणत होते, शंभर टक्के आहे. मला पोटात गोळा आला. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन चालू असताना १०० ही चांगली बातमी नाही.

जुना इतिहास इथल्या प्रशिक्षणात शिकवतात. १९४२ मध्ये बॉस्टनच्या थिओडोर टेरी यांनी हा आजार पहिल्यांदा नोंदवला. नव्या बंदिस्त पेट्या आल्या होत्या, ऑक्सिजन मुबलक दिला जात होता आणि दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे दहा हजार मुलं आंधळी झाली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवलं, पुढे अमेरिकेतल्या चाचणीत ते पक्कं झालं. गायक स्टीव्ही वंडर १९५० चे, त्यांची दृष्टी यातच गेली.

---

गणिती | ५ मार्च, सकाळी ९:२०

मग ऑक्सिजन कमीच ठेवावा ना सरसकट?

---

लेस्टरची_आक्का | ५ मार्च, दुपारी १:०५

नाही हो. पन्नासच्या दशकात तेच केलं, डोळे वाचले आणि बाळं गेली. २०१० मध्ये अमेरिकेतली मोठी चाचणी आली, २४ ते २७ आठवड्यांच्या बाळांवर. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ८५ ते ८९ ठेवलेल्यांमध्ये गंभीर आरओपी ८.६ टक्के, ९१ ते ९५ ठेवलेल्यांमध्ये १७.९. पण मृत्यू पहिल्या गटात १९.९ टक्के आणि दुसऱ्यात १६.२. म्हणून आता बहुतेक ठिकाणी ९० ते ९५ मध्ये ठेवतात. डोळ्यासाठी थोडा धोका पत्करायचा आणि मग डोळा वेळेवर तपासायचा. तपासणी म्हणूनच टाळायची नसते.

---

आशाताई_मराठवाडा | ५ मार्च, रात्री ८:३०

मी आशा कार्यकर्ती आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातो. कमी वजनाचं बाळ असलं की मी एकविसाव्या दिवशीच कार्ड उलटून बघते, डोळ्याचं लिहिलंय का. अठ्ठाविसाव्या दिवशी बघितलं तर हातात दोनच दिवस राहतात आणि गाडी मिळत नाही. जिल्हा रुग्णालयात एसएनसीयूला (आजारी नवजात बाळांच्या विभागात) भरती झालेल्या बाळांची तपासणी तिथे होते, आरबीएसकेमधून (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून) पुढचा उपचारही मोफत होतो. पण लोक येत नाहीत. बाळ डोळे उघडून बघतंय, दिव्याकडे वळतंय, मग कशाला म्हणतात. आजाराच्या वेळी वरून काही दिसत नाही हो. लाल नाही, पाणी नाही. बाहुलीत पांढरं दिसायला लागतं तोवर पडदा सुटलेला असतो.

आणि सव्वा महिन्याचं सांजवातताई म्हणतात ते अगदी खरं. मी आजीबाईंशी भांडत नाही. म्हणते, लस द्यायला नेतोच ना, तसंच हे. काजळ-तीट लावून, टोपडं बांधून न्या, कोणाची नजर लागणार नाही. (काजळ गालावर, डोळ्यात नाही!) मग तयार होतात.

---

सांजवात | ५ मार्च, रात्री ८:५२

आशाताई, एकविसावा दिवस ही फार मोलाची गोष्ट सांगितलीत. वर मूळ लेखात घालायला हवी.

---

न्यायदेवतेच्या_दारी | ६ मार्च, सकाळी १०:१५

कायद्याच्या बाजूने थोडं. १ जुलै २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या एका प्रकरणात निकाल दिला. मुलगी १९९६ ची, चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात २९ व्या आठवड्यात जन्मलेली, १२५० ग्रॅम. आरओपीची तपासणी झाली नाही, पालकांना कोणी सांगितलंही नाही, दोन्ही डोळे गेले. एकूण १ कोटी ८० लाखांची भरपाई ठरली. बाप कित्येक वर्षं लढला. तपासणी न सुचवणं हा निष्काळजीपणा, हे त्यातून स्पष्ट झालं. डिस्चार्ज कार्डावर "आरओपी तपासणी अमुक तारखेला" हे लेखी मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मागा.

---

कवडसा | ६ मार्च, दुपारी ३:४०

मी स्वतः आरओपीचा. १९८९ चा जन्म, अकराशे ग्रॅम, मिरजेच्या बाजूला. त्या वेळी आमच्याकडे कोणाला काही माहीत नव्हतं. उजव्या डोळ्याने दिसत नाही, डाव्याला जाड चष्मा. शिकवतो, लग्न झालं, मुलगी आहे. इथल्या पालकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण त्या मला कोणी सांगितल्या नाहीत.

लेझर झालं, आजार बसला, म्हणजे डोळ्यांचं काम संपलं असं समजू नका. चष्म्याचा नंबर, तिरळेपणा, आळशी डोळा हे सगळं पहिल्या चार-पाच वर्षांत येतं आणि तेव्हाच धरावं लागतं. आणि मोठेपणीही पडदा सुटू शकतो. मला एकतिसाव्या वर्षी डाव्या डोळ्यात एकदम काळे ठिपके आणि कडेला लख्ख चमक दिसली. बायकोने त्याच दिवशी ओढत नेलं. पडद्याला भोक होतं, लेझरने सांधलं. एक दिवस उशीर केला असता तर आज हे टाइप करत नसतो. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा बघून घेणं आयुष्यभर.

---

नेत्रपल्लवी | ६ मार्च, रात्री १०:२०

कवडसा, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद मी माझ्या ओपीडीतल्या पालकांना वाचून दाखवला तर चालेल का?

इंजेक्शनबद्दल व्यनितून (खाजगी निरोपातून) दोघांनी विचारलंय, इथेच लिहिते. व्हीईजीएफ अडवणारं औषध डोळ्यात देतात, आजार अगदी मधल्या भागात असेल तेव्हा ते विशेष उपयोगी पडतं. पण काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, आजार परत उठू शकतो. त्यामुळे इंजेक्शन दिलेल्या बाळाला लेझरवाल्यापेक्षा जास्त काळ येत राहावं लागतं. लांबच्या गावचे लोक असतील आणि परत येणं अवघड असेल तर मी लेझरकडे झुकते. हे माझं मत, प्रत्येक डॉक्टरचं असंच असेल असं नाही.

डॉक्टरच नाहीत अशा ठिकाणांसाठी कर्नाटकातलं किडरॉप बघण्यासारखं आहे. २००८ पासून प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतल्या नवजात विभागांत जातात, पडद्याचे फोटो काढतात आणि बंगळुरूतले डॉक्टर ते दुरून बघतात. बाळाला प्रवास नको, यंत्राने करावा.

---

कवडसा | ६ मार्च, रात्री १०:४४

जरूर वाचा.

---

कोकणकडा | ७ मार्च, सकाळी ७:५०

आज अकराची वेळ मिळालीय. सव्विसावा दिवस. बहीण घाबरलीय, डोळ्यात चिमटा लावतात असं कोणीतरी तिला सांगितलंय. तपासणीत नेमकं काय होतं?

---

सांजवात | ७ मार्च, सकाळी ८:०५

तासभर आधी दूध थांबवा, नाहीतर उलटी होते. तपासणी झाल्या झाल्या पाजायची तयारी ठेवा. आधी थेंब घालतात, दहा-पंधरा मिनिटांनी परत, असं दोन-तीनदा, बाहुली मोठी होईपर्यंत. मग बधिर करणारा थेंब. पापण्या उघड्या ठेवायला छोटी तार लावतात, तोच तो चिमटा. डॉक्टरांच्या डोक्यावर दिवा असतो, हातात भिंग. बाळ हात-पाय घट्ट दुपट्यात गुंडाळलेलं असलं की बरं. खूप रडतं, बहिणीला बाहेर बसायचं असेल तर बसू दे, पण तुम्ही आत जा. दोन्ही डोळे मिळून काही मिनिटांचं काम. नंतर थोडी लाली, पापणी सुजल्यासारखी दिसते, दुसऱ्या दिवशी जाते.

निघताना एकच विचारा: पुढची तारीख कोणती? "नंतर या" असं चालवून घेऊ नका, तारीख कार्डावर लिहून घ्या.

---

कोकणकडा | ७ मार्च, दुपारी ४:३०

आत्ताच परत आलो. आरओपी नाही. पण कानाकडच्या बाजूला थोडा पडदा अजून पूर्ण व्हायचाय, म्हणून दोन आठवड्यांनी परत बोलावलंय, २१ तारखेला, कार्डावर लिहून घेतलं. बाळ इतकं रडलं की बहीणही रडली, आता दोघंही झोपलीत.

सांजवातताई, शेजारच्या त्या बाळाचं काय झालं?

---

सांजवात | ७ मार्च, संध्याकाळी ६:१२

कोकणकडा, फार बरं वाटलं. शेजारचीला हा धागा दाखवला, परवा मीच बरोबर जातेय.

---

कोकणकडा | ७ मार्च, संध्याकाळी ६:४०

बारसं २३ ला ठरलंय, आई म्हणाली पुढे ढकलूया का. बहीण म्हणाली नको. २१ ला डोळे, २३ ला नाव.